टू टू जा

शेजारची तिसरीतली पोर जिन्यात बसून पाढे घोकते. "टू टू जा फोर, टू थ्री जा सिक्स." परवा आमची आई आतून ओरडली, "अगं, कुणाला मघापासून जा जा म्हणतेयस?"

मूळ शब्द 'टूज आर', तोंडात घोळून त्याचा 'जा' झाला, असं मी आईला समजावलं. ती म्हणाली, "आणि तुमचं 'बे' रे? दुकानात कधी बे नारळ मागितलेस?"

झालं, मी कोश काढून बसलो. 'बे' हा संस्कृत 'द्वि'चा वंशज. एरवी बेचाळिसात तोंड लपवून असतो. दुणे म्हणजे द्विगुण, चोक म्हणजे चतुष्क, सक म्हणजे षट्क. म्हणजे छडीच्या धाकानं मी रोज संध्याकाळी अस्खलित प्राकृत बोलत होतो आणि घरात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं! औटकी तेवढी कधी जमली नाही. औट म्हणजे साडेतीन, मूळ 'अर्धचतुर्थ': तीन पूर्ण, चौथा अर्धा. मी मात्र त्या पाढ्याला कायम इंग्रजी अर्थानं औट.

'गुण' म्हणजे मुळात दोरीचा पेड. द्विगुण म्हणजे दोन पेडी, म्हणून दुप्पट. गणितात मला मिळणारे गुण एकपेडी होते, जरा ताण आला की तुटायचे.

खरी गंमत पुढेच आहे. जुने गणिती गुणाकाराला 'हनन' आणि 'वध'सुद्धा म्हणत! धूळपाटीवर गुणाकार करताना आधीचे आकडे पुसून तिथेच नवे मांडायचे, त्यावरून ही नावं पडली असावीत, असं अभ्यासक सांगतात. 'घात' हाही गुणाकारच, घातांकात तो अजून दबा धरून आहे. ब्रह्मगुप्तानं 628 साली दिलेल्या गुणाकाराच्या एका रीतीचं नाव तर गोमूत्रिका! चालत्या बैलाच्या मुताची नागमोडी रेघ रस्त्यावर उमटते ना, तशी. माझी वही तपासताना गुरुजींना हा शब्द ठाऊक नव्हता, हे माझं नशीब. ते नुसतं "शेण खाल्लंस" म्हणायचे.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "वध म्हणत होते ना? बरोबरच आहे," आणि उठून जिन्यात गेली. गेले चार दिवस ती त्या पोरीला मराठी पाढे शिकवतेय. पोर हुशार आहे. काल खणखणीत म्हणाली, "बे त्रिक जा सहा."