माडगरुडांचे पालक

गोव्यात, पेडण्यात किंवा डिचोलीत, जुनं भाट म्हणजे बागायत राखून असलेल्या गावात हे गृहस्थ हमखास भेटतात. आपण त्यांना नुसतं 'भाटकार' म्हणू. काजूच्या उर्राकाचे दिवस आले की ते बेहड्याखाली खुर्ची टाकून बसतात, कारण वर ढोलीत माडगरुडीण बसलेली असते. पुस्तकात या पक्ष्याला मलबार कवड्या धनेश म्हणतात. भाटकारांना ते मान्य नाही. "धनेश कसला? विष्णूचं वाहन आहे ते!"

कॅमेरेवाला आला की आधी व्याख्यान. मादी ढोलीचं तोंड विष्ठेनं, चिखलानं लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते आणि दोन महिन्यांहून अधिक काळ नर तिला बाहेरून भरवतो. "नाहीतर आमच्याकडे! चहासुद्धा मागावा लागतो." त्यावर घरातून बायकोचा आवाज येतो, "त्यांच्यात नर भरवतो म्हटलं!"

वडिलांच्या काळी याच पक्ष्याची चरबी गुडघ्यांना चोळत. भाटकारांचेही गुडघे दुखतात, पण ते दुकानातलं मलम लावून अभिमानानं लंगडतात. "1972 चा वन्यजीव कायदा आहे, बाबा!" मोपाच्या पठारावर विमानतळासाठी झाडं पडली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राला कडक पत्रही लिहिलं.

यंदा गेलो तर भाटाची वरची बाजू बोडकी. वड नाही, उंबर नाही, नुसती काजूची कलमं.

"उंबर कुठे गेला?"

"विकला. उत्पन्न काय त्याचं? फळं सगळी पाखरंच खायची!"

बेहड्याच्या बुंध्यावरही कोयत्याची खूण दिसली. "हाही पुढल्या वर्षी जाणार. आतून पोकळ झालाय."

धनेशाला सुतारपक्ष्यासारखी ढोली कोरता येत नाही. झाड म्हातारं होऊन आतून कुजेल तेव्हा त्याला घर मिळतं. मी हे सांगू लागलो.

"अहो, 2016 साली सरकारनं माडालासुद्धा कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून काढलं होतं!"

"2017 साली परत घेतलं."

"मग? मीही बेहडा परत लावीन!"

तेवढ्यात पंखांचा घुं-घुं आवाज आला. नर फटीशी चिकटला आणि घशातून एकेक उंबर काढून आत देऊ लागला. भाटकारांचे डोळे पाणावले.

"पाहिलंत? शेजारच्या भाटातून आणतो बिचारा." मग कपाळाला आठी घालून म्हणाले, "तो शेजारी मात्र महाहट्टी. ठेकेदार दोनदा जाऊन आला, मेला एक झाड विकत नाही!"