पत्रिकेत न येणारे प्रश्न

आपल्या ३६ गुणांत एकट्या नाडीचे आठ आणि बिचाऱ्या वर्णाचा एक. रात्रपाळी, उधारी, सासूचे गुडघे यांना मात्र अर्धाही गुण नाही. ही उणीव अमेरिकेतल्या कॅथलिकांनी भरून काढली. नेब्रास्कातल्या ओमाहाच्या आर्चडायोसिसने, म्हणजे महाधर्मप्रांताने, १९८५ मध्ये ‘फोकस’ नावाची प्रश्नावली तयार केली. दीडशेच्या वर विधानं. नवरानवरीने लांब लांब बसून प्रत्येकापुढे पटतं, पटत नाही किंवा सांगता येत नाही, अशी खूण करायची. पैसा, मुलं, देवधर्म, माहेर-सासर, भांडण झाल्यावर अबोला कोण धरतं, सगळं त्यात येतं. मग फादर किंवा संसारात मुरलेलं एखादं जोडपं दोघांची उत्तरं शेजारी ठेवून बोलायला बसतं. यात नापास कोणीच होत नाही. आमच्या गुरुजींना हे अजिबात पटणार नाही.

लग्नाआधीच्या या वर्गाला तिकडे ‘प्री-केना’ म्हणतात. बायबलमधल्या काना गावच्या लग्नाचं हे नाव. त्या लग्नात ऐन पंगतीत द्राक्षारस संपला होता. मरिया मातेच्या ते लक्षात आलं आणि येशूने सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस केला, म्हणून लाज राहिली. ज्या घरचा हिशेब साफ चुकला, त्याच घरच्या लग्नाच्या नावाने आज अंदाजपत्रक शिकवलं जातं.

शहरात हे सगळं ठीक चालतं. पूर्व टेनेसीतल्या ग्रेंजर काउंटीत जरा ओढाताण होते. हा टोमॅटोचा मुलूख. रटलेज गावात दर जुलैत टोमॅटोची जत्रा भरते. तोडणीला आणि मांसाच्या कारखान्यांत मेक्सिको, ग्वाटेमालाकडची माणसं. कॅथलिक इथे मूठभर. ग्लेनमेरी संघाचे धर्मगुरू २०११ मध्ये इथे आले. अमेरिकेतल्या हजारावर काउंट्यांत एकही धर्मगुरू राहत नाही, हे नकाशावर पाहून फादर विल्यम हॉवर्ड बिशप यांनी १९३९ मध्ये हा संघ काढला होता.

लग्नासाठी नाव निदान सहा महिने आधी नोंदवा, असं बऱ्याच ठिकाणी चर्चमध्ये सांगतात. टोमॅटो सहा महिने थांबत नाही. शिवाय बाप्तिस्म्याचा ताजा दाखला हवा. म्हणजे इकडून फोन करायचा आणि तिकडे डोंगरातल्या गावी आजीने चर्चच्या कचेरीत खेटे घालायचे. शेवटी वर्गाला बसायचं, तर एकाची पाळी बुडते. मुलं किती आणि कधी, हा प्रश्न वाचला जातो तेव्हा त्याचं उत्तर टेबलाखाली रांगत असतं. दोघांचं खातं एकत्र ठेवणार का, या प्रश्नावर नवरा नवरीकडे बघतो. खातंच नाही. पण पिकअप एकच आणि रात्रपाळी दोघांची, तर ती कोण नेणार, असं नुसतं विचारून बघा. दोघं एकदम बोलायला लागतात, आणि माझ्या मते वर्ग तिथे सुरू होतो. आपल्या वसईच्या कॅथलिकांतही लग्नाआधी असा वर्ग असतो. पण तिथे हा धडा आत्या आणि मावश्यांनी वर्गाच्या कितीतरी आधी, न विचारता दिलेला असतो. टेनेसीतल्या पोरीची मावशी सरहद्दीपलीकडे राहिलेली.

एक प्रश्न मात्र कुठल्याच छापील कागदावर नसावा. ५ एप्रिल २०१८ रोजी याच काउंटीत बीन स्टेशन गावच्या मांस कारखान्यावर इमिग्रेशनवाल्यांची धाड पडली आणि ९७ जणांना पकडलं. ‘सुखात आणि दुःखात’ हे शब्द सगळीच जोडपी म्हणतात. इथल्या जोडप्यांना त्यासोबत संध्याकाळी पोराला पाळणाघरातून कोण आणणार, हेही ठरवून ठेवावं लागतं.

टेनेसी सरकारचंही लग्नांकडे लक्ष आहे. चार तासांचा विवाहपूर्व वर्ग केला, की परवान्याच्या फीत ६० डॉलर सूट, आणि तो वर्ग धर्मगुरूने घेतलेला चालतो. लग्नात सरकारने आहेर केल्याचं मी दुसरं उदाहरण शोधतो आहे. आपल्याकडच्या सामुदायिक विवाहाच्या योजना सोडून.

चर्चचा कायदा तर सरकारहून उदार. दारिद्र्यामुळे कोणाचे संस्कार अडू नयेत, असं त्यात साफ लिहिलंय. त्याहून गंमत कलम १११६ ची. धर्मगुरू महिनाभर मिळण्याची शक्यताच नसेल, तर दोघांनी नुसत्या दोन साक्षीदारांसमोर केलेलं लग्नही चर्चला मान्य. गांधर्व विवाहच म्हणा, फक्त साक्षीला दोन शेजारी. ग्लेनमेरीचे फादर रविवारी या काउंटीतून त्या काउंटीत मोटार हाकत असतात, ती श्रद्धेपोटीच. पण उशीर केला तर जोडपी आपलं आपण उरकून मोकळी होतील, ही धास्तीही थोडी असेल.