साखळी नको, पदर चालेल

मनोरुग्णालयात रुग्णाला साखळदंड घालायला २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ने साफ मनाई केली. बांधायचंच, तर धोक्याच्या वेळेपुरतं, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं, नोंद करून. 'माणसं कमी आहेत' ही सबबही चालत नाही. झकास! मराठवाड्यातल्या ताडकळसच्या रुग्णाला तर हिंडायचं केवढं स्वातंत्र्य. राज्याची चार जुनी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला; मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही नाही. कुठंही जा म्हणावं! आता इतक्या लांब नेताना धावत्या एसटीत आजारी पोरगं दाराकडं झेपावलं, तर माय काय करणार? लुगड्याचा पदर त्याच्या मनगटाला गच्च बांधते आणि रात्रभर जागते. या गाठीची नोंद कोणत्या रजिस्टरात करायची, ते कायद्यात दिलेलं नाही.