अँटेनाधारी

अमेरिकेच्या उपनगरात हा गृहस्थ लांबूनच ओळखू येतो. निवृत्तीच्या आगेमागेचं वय, शर्टाच्या खिशात मोजपट्टी आणि दारात पिकअप ट्रक. ट्रकच्या नंबरप्लेटवर नंबराऐवजी रेडिओच्या परवान्याचं कॉलसाइन असतं आणि वर डुलणारी लांबलचक अँटेना. हौशी रेडिओवाल्यांना तिकडे 'हॅम' म्हणतात. नाव ऐकून शाकाहारी पाहुण्यांनी दचकू नये.

अँटेना घरावर सोडून ट्रकवर का, असा प्रश्न त्याला चुकूनही विचारू नये. पुढचा तास गेलाच म्हणून समजा. तिकडच्या बंगल्यांच्या कॉलन्यांनाही सोसायटी असते आणि तिचे सेक्रेटरी आपल्यासारखेच असतात. छपरावर काठी दिसली की नोटीस. 1985 साली एफसीसीने, म्हणजे तिकडच्या केंद्रीय दळणवळण आयोगाने, गावोगावच्या प्रशासनांना बजावलं की हौशी रेडिओवाल्यांच्या अँटेनांची वाजवी सोय बघा. मात्र घर घेताना सोसायटीशी जो करार होतो, त्याला हा आदेश लागू नाही. ही हकिगत अँटेनाधाऱ्याला स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्की पाठ. घरावर बंदी म्हणून अँटेना ट्रकवर चढली. मग त्याच करारात आणखी एक कलम निघालं: रात्री ट्रक बाहेर उभा दिसता कामा नये.

आणि गॅरेजचं दार सात फुटी.

बेरीज-वजाबाकी त्याने केलेली नसते असं नाही. इंजिनियर आहे तो. ट्रकच सव्वासहा फुटांच्या वर, म्हणजे डोक्यावर उरतात जेमतेम आठ-नऊ इंच. दोन मीटर बँडची सगळ्यात गरीब अँटेनाही 19 इंच लागते, कारण ती लहरीच्या पाव लांबीची हवी. सीबी (सिटिझन्स बँड) रेडिओची पोलादी छडी 102 इंच. 40 मीटर बँडला तर पाव लहर म्हणजे दहा मीटर. ती कॉइल घालून आखूड करतात, पण 'आखूड' हा शब्द इथे अँटेनाधाऱ्याच्या अर्थाने घ्यायचा.

उपायांची त्याच्याकडे वाण नाही. पहिला म्हणजे बुडाशी स्प्रिंग. ट्रक सावकाश आत घेतला की छडी दाराच्या चौकटीला टेकते, मागे वाकते, आणि कमानीखालून घोडा नेताना फेटा सांभाळणाऱ्या नवरदेवासारखा तो मान खाली घालून बसतो (छडी बाहेर असते, मान आत, तरी घालतो). आत शिरल्यावर ती सणकन सरळ होते आणि छताचा दिवा फोडते. दुसरा उपाय, लोहचुंबकाची बैठक: घरी आलं की उचलून ठेवायची. हा पक्का झाला त्या आठवड्यात त्याने फोर्डचा नवा एफ-150 ट्रक घेतला. 2015 च्या मॉडेलपासून त्याचं वरचं अंग ॲल्युमिनियमचं आहे. चुंबक घसरून अंगणात. तिसरा, बटण दाबून अँटेना आडवी करणारी मोटर. ती उत्तम चालते. ती आहे हे लक्षात ठेवायला मात्र दुसरी मोटर मिळत नाही.

बायकोची सूचना साधी असते: रोज काढून ठेव. पाव वळशात निघणारी खटकीची जोडणी मिळते, त्याने घेतलेलीही आहे, खणात आहे. पण सांधा वाढला की संपर्क सैल पडतो, एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते याचं माप) बिघडतो, असं तो सांगतो. निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं असं की अँटेना उतरवलेला ट्रक म्हणजे नुसता ट्रक, आणि तसले गल्लीत प्रत्येकाकडे आहेत.

शेवटी तो आठ फुटी दाराचा भाव काढतो. बायको त्या पैशांत स्वयंपाकघर नवं होईल म्हणते. विषय तिथे थांबतो. म्हणजे घरात थांबतो.

बाहेर, टेकडीवर ट्रक उभा करून, तो 14 मेगाहर्ट्झवर हाक घालतो. आयनोस्फियर प्रसन्न असतं, महासागर ओलांडून फिनलंडचा माणूस ओ देतो. हवापाण्याचं दोन वाक्यांत उरकतं. मग तो विचारतो, "तुमच्या गॅरेजचं दार किती उंच?" तिकडून आकडा येतो, पाठोपाठ उसासा, आणि पुढचा पाऊण तास दोघंही स्प्रिंगवर बोलत असतात.