एकविसाव्या कळीस अनावृत पत्र

आदरणीय एकविसावी कळी,
मुक्काम मोदकाचा माथा, यांना सा. न. वि. वि.

सौभाग्यवती लिहावं, श्रीमती लिहावं की कुमारी, यावर काल रात्री पाऊण तास घालवला आणि शेवटी तिन्ही गाळलं. आपली शिकवण अंगात किती मुरली आहे, याचा याहून मोठा पुरावा मी काय देऊ?

पत्रास कारण की, येत्या चतुर्थीला आमच्या स्वयंपाकघरात आपली वाट पाहिली जाणार नाही. तेव्हा इतकी वर्षं आपण जी सेवा केलीत, तिचे जाहीर आभार मानून मोकळं व्हावं, म्हणून हा खटाटोप.

आपल्या कृपेने वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षापर्यंत माझ्या हातून एकही मोदक बिघडला नाही. केलाच नाही, तर बिघडणार कुठून? एकोणीस वर्षांपूर्वी घेतलेली पेटी परवापरवापर्यंत बेसूर वाजलेली नव्हती. ती कपाटावर जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवली होती. पोहताना माझ्या नाकातोंडात कधी पाणी गेलं नाही, कारण काठावर बसलेल्याच्या नाकातोंडात पाणी जात नाही. आणि माझ्या कादंबरीत ऱ्हस्वदीर्घाची एक चूक कोणी काढून दाखवावी, मी भर चौकात मिशी उतरवीन. पहिलं वाक्य मनासारखं जमलं की ती लिहायला घेणारच आहे. धंद्याने मी मुद्रितशोधक. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांच्या वेलांट्या सरळ करतो आहे. लोकांना वाटतं, काय काटेकोर माणूस! घाबरट म्हणण्यापेक्षा काटेकोर म्हणणं कानाला किती बरं लागतं, नाही? हीही आपलीच देणगी.

तसा आपला-माझा नावानिशी परिचय जुना नाही. नैवेद्याला एकवीस मोदक, हे लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्येक मोदकाला एकवीस कळ्या, हे मात्र मला फोनने शिकवलं. काळ्याभोर पाटीवर केळीचं पान, पानावर एकच मोदक, खिडकीतून तिरपा उजेड आणि कळ्या अशा की जणू कोणी पट्टी लावून आखल्या आहेत. खाणारा माणूस कळ्या मोजत नाही, पाहणारा मोजतो. मी पाहणाऱ्यांतला.

गेल्या वर्षी पंचाईत झाली. आईच्या उजव्या हाताला कंप सुटला. चमचा धरतानाच बोटं थरथरतात, तर त्या बोटांना चिमटा कुठून जमणार? बायको नागपूरची. ‘आमच्याकडे तळणीचे, उकडीचं मला विचारू नका,’ असं तिने लग्नाच्या वर्षीच सांगून ठेवलेलं. मुलगा म्हणाला, ‘बाबा, साचा आणू का? चाळीस रुपयांना मिळतो.’ आमच्या घरात साच्याचं नाव काढणं म्हणजे श्राद्धाच्या पंगतीत कांदाभजी मागण्यासारखं. आई काही बोलली नाही, तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी उभा राहिलो. दोन वाट्या पाणी, दोन वाट्या आंबेमोहोराची पिठी, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप. झाकण ठेवून वाफ आणली. परातीत उकड काढली आणि ‘गरम असतानाच मळ’ या वाक्याचा अर्थ तळहातांना कळला. आई खुर्चीत बसून होती. पारी करताना कड पातळ आणि मध्य जरा जाड हवा, म्हणजे सारणाचा भार तळ पेलतो आणि माथ्यावर गोळा साठत नाही. माझी पारी बरोबर उलटी झाली, कडेला पोळपाटाइतकी जाड आणि मध्ये टिपकागद. तरी सारण भरलं आणि आपलं स्मरण करून कळ्या घ्यायला लागलो. एक, दोन, तीन. सहाव्याला दिसलं की तिसरी जरा रुंद झाली आहे. मोडून परत घेतली. नवव्याला अंतर चुकलं. परत. चौदाव्या कळीपाशी कड तडकली आणि गूळखोबरं माझ्या मनगटावर आलं.

दुसरी पारीही चौदाव्यालाच गेली. तिसरी अकराव्याला. आई म्हणाली, ‘अरे, ती गार होतेय.’

बाईसाहेब, आपल्या तमाम फोटोंत ही एक गोष्ट कधी दिसली नाही. उकड वाट पाहत नाही. तुम्ही तिसरी कळी सुधारत बसलात की कोपऱ्यातला गोळा सुकायला लागतो. ओलं फडकं टाका, तेलापाण्याचा हात लावून पुन्हा मळा, थोडा वेळ निभतं. पण ज्या सुबकपणासाठी आपण थांबतो, तो त्या थांबण्यानेच तडकतो. सत्तावीस वर्षं कागदावर काम केलं. कागद सुकत नाही, त्यामुळे हे मला ठाऊकच नव्हतं.

मी चिडून विचारलं, ‘तुझ्या किती असायच्या?’

‘काय किती?’

‘कळ्या.’

‘मी काय मोजत बसले होते? बाहेर पंचवीस पानं मांडलेली असायची.’

माझा विश्वास बसला नाही. संध्याकाळी माळ्यावरून अल्बम काढला. १९९४च्या गणपतीतला एक फोटो आहे, नैवेद्याचं ताट अगदी पुढे आलेलं. धंद्याचं भिंग लावून मोजल्या. समोरच्या बाजूला कुठे पाच, कुठे सहा, म्हणजे मागच्या धरून दहा-बारा. एका मोदकाचं नाक चक्क डावीकडे कललेलं. आयुष्यभर ज्या मोदकांच्या धाकाने मी परातीला हात लावला नाही, ते हे असे होते. माझ्या आठवणीत मात्र त्या सगळ्यांना आपण येऊन बसला होतात. कधी आलात, कळलंही नाही.

आपलं कूळ शोधायला मग जरा वाचन केलं. पॉल ह्युइट आणि गॉर्डन फ्लेट या कॅनडातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये आपल्या घराण्याच्या तीन शाखा सांगितल्या. पहिली स्वतःकडून निर्दोषपणा मागणारी, दुसरी इतरांकडून मागणारी आणि तिसरी ‘जग माझ्याकडून मागतं आहे’ असं समजून झुरणारी. मला तर तिघी आमच्याच ओट्याशी उभ्या दिसल्या. पहिली मी. दुसरी आमची एक आत्या, सुनेच्या मोदकाकडे पाहून ‘छान झालेत हो, पहिल्यांदाच केलेस ना?’ असं सलग अकरा वर्षं म्हणणारी. तिसरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर चतुर्थीच्या सकाळी साडेअकराला जागी होते. अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांच्या १९८९ ते २०१६ या काळातल्या उत्तरांवरून असं दिसलं की तिन्ही शाखा वाढल्या, पण सगळ्यांत जास्त ही तिसरी, ३३ टक्क्यांनी. अभिनंदन. वंशविस्तार जोरात आहे.

आता राहिला ज्याच्यापुढे हा मोदक ठेवायचा, तो. त्याचा स्वतःचा एक दात अर्धा आहे. महाभारत लिहून घेताना लेखणी मोडली, तेव्हा त्याने दात मोडून लिहिणं चालू ठेवलं, अशी एक कथा सांगतात. त्या जागी मी असतो तर व्यासांना म्हटलं असतं, ‘महाराज, जरा दमाने. चांगली लेखणी मागवली आहे, आली की पहिल्या श्लोकापासून सुवाच्य काढू.’ मग महाभारताचं काय झालं असतं, याचा विचार मी रात्री करत नाही.

आणि आमचे दादासाहेब फाळके. हा माणूस आपल्या हाती कधीच लागला नाही. तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना, तेव्हा त्यांनी ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवलं. रोहिदासाच्या कामाला पोटचा मुलगा घेतला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे ठेवला. चार वर्षांनी ‘लंकादहन’मध्ये तर हेच साळुंके राम झाले आणि सीताही. पडद्यावर सीतेचे दंड जरा भरदार दिसत असणार. मुद्रितशोधक म्हणून माझा हात तिथे खूण करायला शिवशिवतो. पण मनाजोगती तारामती मिळेपर्यंत फाळके थांबले असते, तर ती त्यांना कधी मिळाली असती? मी मात्र पेटीला सूर नीट लावणारा माणूस मिळेपर्यंत एकोणीस वर्षं थांबलो होतो.

तर गेल्या चतुर्थीच्या त्या दिवशी, अल्बम काढण्याआधी, दुपारी एकच्या सुमारास मी आपल्याला मनोमन रजा दिली आणि मोजणं सोडलं. बोटं चालतील तशी चालू दिली. कोणाला नऊ कळ्या, कोणाला सात, एकाला तर पाचच, त्याही एकमेकींशी अबोला धरल्यासारख्या. हळदीच्या पानावर मांडले, झाकण ठेवलं, बारा मिनिटं. उघडून पाहिलं तर तीन फुटलेले, पानावर गुळाचा ओघळ. धाकटी भाची डोकावून म्हणाली, ‘मामा, बाप्पाला लसूण चालतो?’

खरंच लसणाच्या गड्ड्यासारखे दिसत होते. मी हसलो, हे मला नंतर बायकोने सांगितलं. एरवी कोणी माझी चूक काढली की मी तीन दिवस बोलत नाही.

आईने एक फोडला, तूप सोडलं, खाल्ला आणि म्हणाली, ‘वेलची कमी पडली.’ कळ्यांबद्दल अवाक्षर नाही. आपला एवढा मोठा अपमान आमच्या घरात याआधी झाला नसेल.

येत्या चतुर्थीला वेलची जास्त घालणार आहे. पेटी खाली उतरवली आहे. भात्यातून उंदराच्या लेंड्या निघाल्या आणि काळी दोनची पट्टी दाबली की वर येत नाही, पण बाकीच्या वाजतात. शेजारच्यांनी दोनदा बेल वाजवली. आपण अगदीच एकट्या पडू नयेत, म्हणून आत्याचा पत्ता सोबत जोडत आहे. तिकडे आपली बडदास्त उत्तम राहील.

कळावे. लोभ आवरावा.

आपला (एके काळचा) आज्ञाधारक,
एक मुद्रितशोधक

ता. क. चौदाव्या कळीपाशी दगा दिलेली ती सगळी उकड आईने टाकू दिली नाही. तिच्यात हिरवी मिरची, जिरं, कोथिंबीर आणि मीठ घालायला लावलं, चपट्या थापून उरलेल्या वाफेवर ठेवायला सांगितल्या. निवगऱ्या. (निवग्र्या की निवगिऱ्या, यावर मी प्रथमच मत देण्याचं टाळतो.) रात्रीपर्यंत एकवीसपैकी चार मोदक उरले होते. निवगऱ्या मात्र कच्च्या तेलाबरोबर ओट्यापाशी उभ्याउभ्याच संपल्या, पानावर पोचल्याच नाहीत. शेवटची कोणी खाल्ली, यावरून घरात अजून धुसफुस चालू आहे. सगळ्यांचा संशय माझ्यावर आहे आणि तो बरोबर आहे.