‘तो काही करत नाही हो!’

पिटबुलच्या मालकाच्या तोंडून हे वाक्य ऐकलं की मला कुत्र्यापेक्षा मालकाची भीती वाटते.

जुलै 2022मध्ये लखनौत ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचा जीव घरच्याच पिटबुलनं घेतला. मग ‘बंदी घाला’चा धोशा सुरू झाला. मार्च 2024मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र धाडलं आणि पिटबुल, रॉटवायलरसह 23 जाती एका फटक्यात धोकादायक ठरवल्या. एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केलं. बरंच झालं. त्या पत्रात कुत्र्यांची यादी होती, पण त्यांना बिघडवणाऱ्यांना धक्काही नव्हता.

या कुत्र्याचा इतिहास माणसाच्या क्रौर्याचा आहे. इंग्लंडमध्ये 1835 साली बैलांवर कुत्रे सोडण्याच्या खेळाला बंदी आली, तेव्हा शौकिनांनी कुत्र्यांच्याच झुंजी लावल्या. त्यासाठी बुलडॉग आणि टेरियरचा संकर केला, पिढ्यान्‌पिढ्या ताकद आणि चिवटपणा निवडला. स्वभावाचं मात्र एवढं सोपं नाही. 2007मध्ये अमेरिकेतला फुटबॉलपटू मायकेल विक याच्या व्हर्जिनियातल्या जागेतून झुंजीचे जवळपास पन्नास पिटबुल जप्त झाले. ‘मारून टाका’ असं म्हणणाऱ्यांत प्राण्यांसाठी काम करणाऱ्या बड्या संस्थाही होत्या. न्यायालयानं आधी एकेका कुत्र्याची तपासणी करवली. आक्रमकपणामुळे फक्त एकाला मारावं लागलं. त्यातलाच जॉनी जस्टिस पुढं वाचनालयात मुलांशेजारी बसून त्यांच्या गोष्टी ऐकायचा. विकला 23 महिन्यांची शिक्षा झाली. 2022मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात कुत्र्यांच्या वागण्यातला जेमतेम 9 टक्के फरक जातीमुळे असल्याचं दिसलं.

म्हणून पिटबुल गरीब गाय आहे असं कुणी समजू नये. त्याचा जबडा आणि त्याचा हट्ट दोन्ही दांडगे आहेत. लहान कुत्र्याच्या चुकीनं ओरखडा उठतो, तिथं याच्या चुकीनं हाड मोडतं. पहिल्यांदाच कुत्रा पाळणाऱ्या, घरात रांगतं मूल असणाऱ्यांनी हा नाद करूच नये, हे माझं स्पष्ट मत.

आपल्याकडे मात्र तो येतो तो रुबाबासाठी. कान कापलेलं, आईपासून महिन्याभरात तोडलेलं पिल्लू घ्यायचं, जाडजूड पट्टा घालायचा, हातभर साखळीनं जिन्याखाली बांधायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकलं की पाठ थोपटायची. मग वाढदिवसाला तीन वर्षांच्या पोरीला त्याच्या गळ्यात पडायला लावून व्हिडिओ काढायचा. त्या व्हिडिओत कुत्रा नीट बघा: अंग ताठ, तोंड मिटलेलं, मान वळवलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, जीभ पुन्हापुन्हा ओठांवरून फिरतेय. तो ‘सोडा मला’ म्हणतोय आणि बाप म्हणतोय, ‘किती प्रेमळ आहे बघा!’ पुढं चावा बसला की बदनाम कोण होणार? कुत्रा.

कुत्र्यांची पैदास करणाऱ्यांना नोंदणी सक्तीची करणारे नियम 2017पासून आहेत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, हेही त्यातच लिहिलंय. पिल्लू घ्यायला गेलात तर आधी नोंदणीचा दाखला मागा, पिल्लाची आई दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर परत फिरा आणि तक्रार करा. आणि कुठलाही कुत्रा असो, लहान मुलाला त्याच्याबरोबर एका खोलीत एकटं सोडू नका.