बादलीत आल्बाना

नाशिककराला वाइनमधलं कळत नाही असं म्हणणं म्हणजे कोल्हापूरकराला तिखट सोसत नाही असं म्हणण्यासारखं आहे. वास्तविक आमच्या घराचा द्राक्षांशी संबंध घड धुऊन खाण्यापुरता आणि शिऱ्यात बेदाणे घालण्यापुरता. पण गंगापूर धरणाच्या अंगाला वाइनरी काय उभी राहिली, आम्ही सगळे एका रात्रीत पिढीजात रसिक झालो.

त्यामुळे बोलोन्याला शिकणाऱ्या पुतणीनं, "काका, बेर्तिनोरोला जायचं का वाइन चाखायला?" असं विचारलं तेव्हा मी सहज म्हणालो, "आल्बानाच ना?" आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. ग्लास गोल फिरवण्याचा सराव तर नाशिकलाच झाला होता, ताकावर. ओट्यावरचे शिंतोडे कुणी पुसले याची चर्चा इथे नको.

एमिलिया-रोमान्या या इटलीतल्या प्रांताच्या जोडनावातली एमिलिया जगाला ठाऊक. पार्मा तिकडचं, बोलोन्या तिकडचं. रोमान्याच्या वाट्याला रिमिनीचा समुद्रकिनारा आला, आणि ही आल्बाना. इटलीतली वाइनची सर्वांत वरची प्रत म्हणजे डीओसीजी. ती पांढऱ्या वाइनमध्ये सगळ्यात आधी आल्बानाला मिळाली, १९८७ साली. तेव्हा भल्याभल्या जाणकारांनी नाकं मुरडली होती म्हणे. हे वाचल्याबरोबर मी तिची बाजू घेऊन टाकली. चव तेवढी बघायची राहिली होती.

बेर्तिनोरोत चाखवणाऱ्या बाईंनी पहिला ग्लास ओतला. रंग चांगला पिवळाधमक. वास जर्दाळूचा, शेवटी कडू बदाम, आणि पांढरी असूनही हिरड्या आवळणारी. मग पागादेबित आली. पाऊसपाणी कसंही गेलं तरी हे द्राक्ष दगा देत नाही, शेतकऱ्याचं देणं फिटतं, म्हणून तिचं नाव 'देणं फेडणारी'. हे निफाडच्या कुणा बागाईतदाराला सांगावं की न सांगावं, असा विचार मनात आला. गारपिटीनंतरची बाग मी पाहिलेली आहे. तिथे हा विनोद चालत नाही.

आणि मग बादली आली.

वाइन चाखतात, पीत नाहीत. तोंडात खळखळवून थुंकतात. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, पण टेबलाच्या मधोमध ठेवलेली चकचकीत बादली पाहिली आणि आतून काहीतरी उभं राहिलं. 'येथे थुंकू नये' या पाटीखाली ज्यांचं बालपण गेलं त्यांनाच हे कळेल. जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या फरशा बसवूनही ज्या देशात भिंती लाल व्हायच्या थांबल्या नाहीत, त्या देशाचा मी प्रतिनिधी. एसटीच्या खिडकीतून, गाडी घाटात वळत असताना, मागच्या खिडकीतल्या माणसाला एक थेंब न लागू देता पिचकारी टाकणारे आमचे एक मामा होते. ती नजर, तो वाऱ्याचा अंदाज! त्या मामांना आयुष्यभर घरादारानं हिणवलं. इथे मात्र तीच विद्या नागर माणसं रुमाल न वापरता सादर करत होती आणि त्याला संस्कृती म्हणत होती. समोरच्या गृहस्थांनी ओठांचा चंबू करून अशी बारीक धार सोडली की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

माझी धार हनुवटीवरून सदऱ्यावर गेली.

त्यात दोन अडचणी आणखी. एक, बादली सगळ्यांची मिळून एकच. उष्ट्याखरकट्याचा विचार मी पुण्याच्या आत्यांकडे सोडून आलोय असं मला वाटत होतं, पण तो माझ्याबरोबर विमानात बसला होता. दुसरी अडचण युरोची. प्रत्येक घोटाचे रुपये किती होतात याचा हिशेब डोक्यात आपोआप चालू झाला, आणि पैसे मोजून घेतलेली वस्तू तोंडात आल्यावर बाहेर टाकायची, हे काही मला जमेना. मी गिळायला लागलो. पुतणी म्हणाली, "काका, अजून बऱ्याच आहेत." म्हटलं, येऊ देत.

शेवटी बाईंनी एक दगड आणला. पिवळसर, भोकाभोकांचा, आत शिंपल्यांचे तुकडे. स्पुंगोने म्हणतात त्याला. इथे एके काळी समुद्र होता. त्यानंच या वाइनला खारटपणा येतो म्हणे. समोरचे धारवाले गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "माती बोलतेय." मला संताप आला. हे वाक्य मी म्हणणार होतो.

परतीची गाडी फोर्ली, फाएन्झा करत निघाली. फाएन्झा सोडल्यावर कास्तेल बोलोन्येझेच्या अलीकडे एक नदी लागते. पुतणीनं फोनवर नाव पाहिलं, "सेन्यो." इतकी लहान, की मला वाटलं दुसरीच असेल.

याच नदीवर, इथून खालच्या अंगाला, ९ एप्रिल १९४५ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा नामदेव जाधव गोळीबारात उतरला होता. वय तेवीस. मराठा पलटणीतला शिपाई. एका जखमी सोबत्याला उचलून पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंगांमधून सुरक्षित जागी नेलं. पुन्हा येऊन दुसऱ्याला नेलं. मग एकटाच परत फिरून मशीनगनच्या मोर्च्यांवर गेला. हाताला जखम होऊन बंदूक चालवता येईना तेव्हा ती टाकून हातबाँब फेकले. शेवटी बांधावर उभा राहून मराठ्यांची गर्जना केली आणि मागच्यांना हात केला. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो जगला. फोर्लीत, जिथे आमची गाडी आत्ताच थांबून गेली, तिथे भारतीय सैन्यातल्या न जगलेल्यांची दफनभूमी आहे, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्यासाठी वेगळं स्मारक आहे. आमची वाट दोन्ही वेळेला फोर्लीवरून होती आणि मी उतरलो नाही. चाखण्याची वेळ ठरलेली होती ना.

मी हे पुतणीला सांगितलं. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे तुम्ही तिथे का नाही सांगितलंत? माती बोलतेय म्हणाला ना तो." मला त्यावर उत्तर सुचलं नाही. एरवी मला सुचतं.

रात्री तिच्या खोलीवर पासीतो उघडली. वाळवलेल्या आल्बानाची, मधासारखी दाट, गोड. ग्लास नव्हते. चहाचे मग होते. पाचव्या शतकात गाल्ला प्लाचिदिया ही रोमन सम्राज्ञी बेर्तिनोरोत आली, तिला मातीच्या भांड्यातून वाइन दिली, तर ती म्हणाली ही सोन्यातून प्यायला हवी, अशी तिथली दंतकथा आहे. ती मी सांगायला घेतली, आणि सांगता सांगता सवयीनं मग गोल फिरवला.

ताकावरचा सराव पासीतोला चालत नाही. पहिला हेलकावा तिच्या प्रबंधाच्या छापील प्रतीवर गेला. पुसून पुसून पानं चिकट झाली ती झालीच. सकाळी पाहतो तर तिसऱ्या प्रकरणावर मुंग्यांची रांग. एक थेंबही थुंकत नव्हत्या.